लोणारच्या तळ्यात सव्हाना मास्टर: एका मिनिटाचा घटनाक्रम

सकाळी 9:10. बुडायला 7 तास 20 मिनिटं

डोणगावच्या घरी ढाळजेतल्या बाजा बाहेर काढल्या, फरशी पुसली आणि भाच्यानं फ्लेक्स उलगडला. मेहकरहून छापून आणलेला. वाढदिवसाच्या शुभेच्छा नाहीत, हात जोडलेला एकही फोटो नाही, नुसते षटकोन आणि मधोमध निळं तळं. फ्लेक्सवाल्यानं दोनदा विचारलं म्हणे, "पण नाव कोनाचं टाकू?" नाव टाकलंच नाही. या भागातल्या माणसाला लोणारचं तळं नाव वाचून ओळखावं लागत नाही.

खेळ बॅटलटेक. 1984 साली अमेरिकेतल्या फासा कॉर्पोरेशननं तो 'बॅटलड्रॉइड्स' म्हणून काढला. 'ड्रॉइड'वर 'स्टार वॉर्स'वाल्यांचा हक्क निघाला, म्हणून नाव बदललं. काळ एकतिसाव्या शतकाचा. लढणारे म्हणजे आत माणूस बसलेले महाकाय चालते रोबो, आणि त्यांच्या पायांत घुटमळणाऱ्या लहानसहान गाड्या. या खेळात एक षटकोनी घर 30 मीटरचं, उंचीची एक पायरी 6 मीटरची आणि एक फेरी 10 सेकंदांची. लोणारचं विवर साधारण 1.8 किलोमीटर रुंद, म्हणजे 60 घरं. तळं 1.2 किलोमीटर, म्हणजे 40. हा हिशेब भाच्यानं पुण्यात नोकरीच्या वेळात बसून केला असावा. पण हिशेब चोख आहे.

खेळणार दोघं. भाचा, आणि त्याची इथेच राहणारी धाकटी बहीण. ती या खेळात नवी, पण बुद्धिबळात गावातल्या भल्याभल्यांना घाम फोडणारी. मी पंच. माझ्याकडे नियमांचं पुस्तक, भिंतीवरचं घड्याळ आणि शाळेचं एक जुनं हजेरीपत्रक. त्याच्या मागच्या कोऱ्या पानांवर ज्या नोंदी केल्या, त्यांवरून हा घटनाक्रम.

10:05. बुडायला 6 तास 25 मिनिटं

मोहरे मांडले. भाचीच्या बाजूला दोन रोबो: 100 टनांचा अ‍ॅटलास आणि 70 टनांचा आर्चर. त्यांच्या मूर्ती आमच्याकडे नव्हत्या, म्हणून बुद्धिबळातला काळा हत्ती झाला अ‍ॅटलास आणि काळा उंट झाला आर्चर. भाच्याकडे मात्र खरी धातूची मूर्ती होती, अंगठ्याच्या नखाएवढी, त्यानं स्वतः रंगवलेली: सव्हाना मास्टर.

या गाडीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्या बांधणीतून घडतं. वजन 5 टन. एक मध्यम लेझर, बाकी शस्त्र नाही. चिलखत नावापुरतं. गाडी जमिनीला टेकत नाही. खाली हवेची गादी, भोवती लवचीक झालर, आणि त्या गादीवर ती तरंगते, म्हणजे होव्हरक्राफ्ट. जमीन, वाळू, दलदल, पाणी, तिला सगळं सारखंच. सावकाश जायचं तर एका फेरीत 13 घरं, जोर लावला तर 20. म्हणजे 10 सेकंदांत 600 मीटर, ताशी 216 किलोमीटर. आपल्या मेहकरजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर कारला 120 ची मर्यादा आहे.

वेगाचा उपयोग नुसता पोचायला नाही. या खेळात वेग हेच चिलखत. नेमबाजाला दोन फाशांवर किती दान हवं, हे ठरवताना लक्ष्य किती घरं हललं ते पाहतात. 7 ते 9 घरं हललं तर हव्या त्या दानात 3 ची भर. 10 ते 17 घरांना 4. 18 ते 24 ला 5. साधारण नेमबाजाला मुळात 4 पुरतात. त्यात 5 मिळवले, लांबच्या अंतराची भर घातली, की आकडा 12 च्या पार जातो, आणि दोन फाशांवर 13 पडत नाही. म्हणून ही गाडी जिवंत राहते. तिला मारणं अवघड नाही, तिला लागणं अवघड आहे.

भाचीनं कोष्टकावर बोट ठेवून विचारलं, "दादा, 17 आणि 18 मधे एवढा फरक?"

"एका घराचा," भाचा म्हणाला आणि मूर्तीवर फुंकर मारली.

कामगिरी अशी ठरली. विवराच्या ईशान्येला धारेच्या, म्हणजे तिथल्या झऱ्याच्या, बाजूनं आत शिरायचं, पश्चिम काठावर दडलेला शत्रू कोण आहे ते दृष्टीच्या टप्प्यात येऊन पाहायचं आणि आल्या वाटेनं बाहेर पडायचं. खबर तोंडी. बिनतारी संदेश या विवरातून बाहेर जात नाही, असं आम्ही धरलं. गाडी परतली तर भाचा जिंकला, नाही परतली तर खबर मेली. मामीनं घरचा एक नियम घातला: कमळजा देवीच्या देवळाकडे कुणी नेम धरायचा नाही.

बाहेर पडायला धारेशिवाय वाट नाही, हे मी दोघांकडून कबूल करून घेतलं. हवेवर तरंगणारी गाडी एका घरात एकच पायरी चढते, आणि लोणारच्या भिंती त्याहून उभ्या आहेत. काठावर भाच्याची बाकीची फौज थांबलेली, असं समजायचं.

10:40. बुडायला 5 तास 50 मिनिटं. खेळातली वेळ: 0 सेकंद

पहिली फेरी. गाडी धारेच्या पायथ्याहून निघाली. काठापर्यंत झाडी. होव्हरक्राफ्टला झाडीत शिरता येत नाही, नियमानं बंदी आहे. भाच्यानं झाडांमधल्या फटीतून सहा घरं सावकाश काढली आणि पाण्याच्या कडेला आणून ठेवली. गोळीबार नाही.

एका फेरीला पाऊण तास. नव्या खेळाडूला प्रत्येक गोष्ट विचारावी लागते, आणि भाची विचारून घेतल्याशिवाय फासा उचलत नाही. मला ते आवडलं.

11:25. बुडायला 5 तास 5 मिनिटं. खेळातली वेळ: 10 सेकंद

गाडी पाण्यावर आली. सरळ नैर्ऋत्येला 20 घरं, एकही वळण नाही. अर्धं तळं एका झेपेत. भाचा अक्षरशः उभा राहिला.

आर्चर वायव्य काठावर, 16 घरांवर. त्याच्याकडे लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं सोडणारे दोन संच, प्रत्येकी वीसची सलामी, पल्ला 21 घरांपर्यंत. भाचीनं बेरीज मांडली: नेम 4, लक्ष्याचा वेग 5, लांबचं अंतर 4. तेरा.

"तेरा पडत नाय," ती म्हणाली आणि फासे खाली ठेवले.

त्या क्षणी दोन गोष्टी तिच्या हातात होत्या. आर्चर पुढं काढायचा, किंवा होता तिथंच ठेवायचा. चालणाऱ्या नेमबाजाला स्वतःच्या हालचालीचीही भर बसते, उभ्याला बसत नाही. हे तिनं माझ्याकडून एकदाच ऐकलं होतं. आर्चर तिनं सबंध दिवसात एक घरही हलवला नाही.

12:30. बुडायला 4 तास. खेळातली वेळ: 20 सेकंद

तिसरी फेरी, आणि पहिला घोटाळा.

भाच्याला पश्चिम काठावरच्या बाभळीमागं पाहायचं होतं. 18 घरं पूर्ण जोरात काढून शेवटी काठाला समांतर वळायचं, असा बेत. पण हवेवरच्या गाडीला जमिनीची पकड नसते. ओल्या न्हाणीघरात फरशीवर साबणाची वडी सुटावी, तशी ती वळवल्यावरही आधीच्याच दिशेला सरकत राहते. नियमांत याची वेगळी तरतूद आहे: पूर्ण जोरात वळलात की चालकाचं दान टाका, चुकलं तर तिरके घसरा. घसरत जाऊन झाडीत शिरलात तर गाडी संपली.

दान चुकलं. गाडी घसरली आणि बाभळीला लागून असलेल्या घरात येऊन थांबली. भाच्यानं मान वळवून बहिणीकडं पाहिलं. तिनं वहीत काहीतरी लिहिलं.

या नियमाचा मला आदर वाटतो, कारण तो खऱ्या यंत्राचा दोष जसाच्या तसा उचलतो. 30 मार्च 1985 रोजी 'प्रिन्सेस मार्गारेट' हे इंग्लिश खाडीपार जाणारं अवाढव्य प्रवासी होव्हरक्राफ्ट इंग्लंडमधल्या डोव्हर बंदरात शिरत होतं. वारा जोराचा. त्यानं यंत्राला बाजूला ढकललं, आणि ते बंदराच्या दगडी बंधाऱ्यावर जाऊन आदळलं. 4 प्रवासी गेले. चाक असतं तर चाक रुतलं असतं, नांगर असता तर नांगर धरला असता. हवेला धरायला काही नसतं.

आर्चर आता 21 घरांच्या पलीकडे. गोळीबार नाही.

दुपारी 1:15. बुडायला 3 तास 15 मिनिटं

मामीची हाक. "आधी जेवून घ्या रे. ते तयं काय पयून चाललं?"

आमरस, पोळी, कुरडया. कूलरचं पाणी संपलं होतं ते भरलं. गाडी तशीच बाभळीशेजारी, खेळातलं घड्याळ 30 सेकंदांवर थांबलेलं, आणि आम्ही पाटावर. जेवताना भाच्यानं भाचीला सांगितलं, की ही गाडी कुणाच्या डोक्यातली निव्वळ कल्पना नाही.

ख्रिस्तोफर कॉकरेल नावाच्या इंग्रज अभियंत्यानं 1950 च्या दशकात मांजराच्या खाण्याचा डबा कॉफीच्या डब्यात बसवला, दोन्हींच्या मधल्या फटीतून हवा सोडली आणि स्वयंपाकघरातल्या तराजूवर तिचा दाब मोजला. नुसती हवा खाली सोडण्यापेक्षा कडेच्या गोल फटीतून सोडली तर ती आत अडकून जास्त उचलते, हे त्यातून कळलं. 25 जुलै 1959 रोजी त्या तत्त्वावरचं पहिलं मोठं यंत्र, एसआर-एन1, कॅलेहून डोव्हरला इंग्लिश खाडी ओलांडून गेलं. ब्लेरियोनं विमानानं तीच खाडी ओलांडली त्याला त्या दिवशी बरोबर 50 वर्षं झाली होती.

लढाईतही ती उतरली. अमेरिकी लष्करानं 1968 पासून व्हिएतनामच्या मेकाँग त्रिभुज प्रदेशात तीन होव्हरक्राफ्ट वापरली. भातखाचरं, दलदल, नद्या, सगळं एका दमात. वेग होता, बंदुका होत्या, चिलखत बेताचं होतं, आणि इंजिनाचा आवाज लांबूनच वर्दी द्यायचा. 1970 पर्यंत तीनपैकी दोन गेली. मला विचाराल तर सव्हाना मास्टरचे खरे पूर्वज हेच. ही गाडी खेळात 1987 च्या सुमाराला आली, तेव्हा तो हिशेब झालेला होता.

"आपल्याकडे हायेत का अशा?" भाचीनं विचारलं.

आहेत. तटरक्षक दल त्या गस्तीसाठी वापरतं, विशेषतः जिथं भरती-ओहोटीच्या चिखलात बोट अडकते तिथं. ऑक्टोबर 2024 मध्ये संरक्षण मंत्रालयानं गोव्याच्या चौगुले कंपनीशी अशा 6 वाहनांचा 387.44 कोटी रुपयांचा करार केला. भाच्याला हा आकडा पाठ होता. त्याला लग्नाच्या मुली दाखवणाऱ्या नातेवाइकांची नावं पाठ नाहीत, असं मामी म्हणाली. विषय तिथून भलतीकडे गेला आणि अर्धा तास तिकडेच राहिला.

2:40. बुडायला 1 तास 50 मिनिटं. खेळातली वेळ: 30 सेकंद

चौथी फेरी. दोन वळणं, 18 घरं, चालकाचं दान या वेळी पडलं. गाडी काठालगत अर्धवर्तुळ काढून बाभळीच्या मागच्या अंगाला दिसेल अशी आली, आणि भाचीनं झाकून ठेवलेली वाटी उचलली. खाली काळा हत्ती.

अ‍ॅटलास. 100 टन, खेळातल्या सगळ्यांत जड रोबोंपैकी एक. त्याच्या मोठ्या तोफेचा एक गोळा लागला असता तर सव्हाना मास्टरचं काही वेचायला उरलं नसतं. अंतर 5 घरं. भाचीनं बेरीज केली: नेम 4, स्वतः चालला त्याचा 1, लक्ष्याचा वेग 5, मध्यम अंतराचे 2. बारा. छत्तीसात एकदा.

पहिला फासा सहावर थांबला. दुसरा बराच वेळ गरगरला आणि पाचवर बसला. अकरा.

ढाळजेत कुणी बोललं नाही. लेझर आणि छोटी क्षेपणास्त्रं यांनाही बाराच हवे होते. पडले सात, चार आणि नऊ.

माझ्या मते या गाडीचं काम दुपारी पावणेतीन वाजता संपलं होतं. शत्रू कोण, किती, कुठं, सगळं कळलं होतं. टेहळणीवाल्याची कामगिरी पाहण्यात अर्धी आणि परतण्यात अर्धी. 1664 च्या सुरत स्वारीआधी बहिर्जी नाईकांनी शहराची बित्तंबातमी काढून आणली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तिथल्या एखाद्या पहारेकऱ्याशी त्यांनी तलवार काढली असती तर बातमी सुरतेतच राहिली असती. भाच्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानंच मागच्या गणपतीत बहिर्जींवर कार्यक्रम बसवला होता.

3:25. बुडायला 1 तास 5 मिनिटं. खेळातली वेळ: 40 सेकंद

पाचवी फेरी. आधी कोण हलणार हे फाशांवर ठरतं, आणि जो जिंकतो तो नंतर हलतो, म्हणजे समोरच्याची चाल बघून. भाचा जिंकला.

भाचीनं अ‍ॅटलास तीन घरं पुढं, पाण्याच्या दिशेनं काढला. त्याची पाठ उघडी पडली. अ‍ॅटलासचं पाठीमागचं चिलखत पुढच्यापेक्षा पातळ असतं, हे खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. भाच्यानं एकदा धारेकडं पाहिलं, एकदा त्या पाठीकडं.

"निघ," मी म्हणालो. पंचानं बोलायचं नसतं. बोललो.

"मामा, एकच झटका. परत अशी पाठ नाही मिळणार."

बारा घरं हलून गाडी काठालगतच्या पाण्यावर, अ‍ॅटलासच्या पाठीशी दोन घरांवर आली. लेझरचं दान: नेम 4, पूर्ण जोरात पळत मारण्याचे 2, अ‍ॅटलास हलला त्याचा 1. सात हवे. आठ पडले. पाच अंकांचं नुकसान, अ‍ॅटलासच्या चिलखतावर एक चरा. आत काही पोचलं नाही.

भाची पुस्तक उलटसुलट करत होती. मग म्हणाली, "दादा, याच्या पाठीलेही दोन लेझर हायेत."

आहेत. त्या जुन्या, सगळ्यांत माहितीच्या अ‍ॅटलासला पाठीकडे तोंड केलेले दोन मध्यम लेझर असतात, नेमके अशा पाहुण्यांसाठी. नेम 4, चाल 1, आणि गाडी आता बाराच घरं हललेली म्हणून 5 ऐवजी 4. नऊ. जवळचं अंतर, भर नाही. सकाळी तेरावर असलेला आकडा नऊवर आला होता, आणि नऊ किंवा त्याहून मोठं दान छत्तीसात दहा वेळा पडतं.

आठ. पाच. दोन्ही चुकले. आर्चर 20 घरांवरून: बारा हवे, पडले नऊ आणि सहा.

भाच्याचा चेहरा फुललेला. चार फेऱ्या शत्रूच्या अंगणात फिरून अंगावर ओरखडा नाही. अशा वेळी माणसाला वाटतं की फासे आपल्याला ओळखतात.

4:05. बुडायला 25 मिनिटं. खेळातली वेळ: 50 सेकंद

सहावी फेरी. आता निघायचं, हे त्यालाही पटलं होतं. पण या फेरीत आधी हलायचं दान त्याच्याच वाट्याला आलं.

गाडीचं तोंड काठाकडं, धार पाठीमागं. उलटं फिरायला तीन वळणं. प्रत्येक वळणाला एका घराची किंमत. वीसातून तीन गेले, उरले सतरा.

त्यानं बोटानं घरं मोजली. पुन्हा मोजली. दोनच वळणं घेऊन तिरकं पळता येईल का, पाहिलं. तसं गेलं तर वाट झाडीच्या कोपऱ्याला लागत होती, आणि दुपारची घसरण त्याच्या लक्षात होती. तो सतराच गेला. सरळ, धारेच्या रोखानं, तळ्याच्या मध्याकडे. चालकाचं दान व्यवस्थित पडलं.

मी कोष्टक वाचून दाखवलं: 10 ते 17 घरं, भर 4.

अ‍ॅटलासला ती आता लांब पडली, तेरा हवे, सुटली. उरला आर्चर. तो सकाळपासून जिथं होता तिथंच होता, आणि गाडी आता त्याच्यासमोरून आडवी जात होती, अकरा घरांवरून, पूर्ण बाजू दाखवत. नेम 4. वेग 4. मध्यम अंतर 2. स्वतःच्या हालचालीचा शून्य.

दहा.

"अठरा घरं गेला असता तर?" भाचीनं विचारलं. तिला टोमणा मारायचा नव्हता, हिशेब समजून घ्यायचा होता.

"अकरा," मी म्हणालो.

4:20. बुडायला 10 मिनिटं

पहिला संच. तीन आणि तीन. सहा. वीस क्षेपणास्त्रं पाण्यात.

चहा आला. भाचा म्हणाला, नंतर. भाचीनं बशीत ओतून निवांत प्यायला, मग बशी बाजूला ठेवून फासे उचलले.

दुसरा संच. सहा. चार.

दहा.

4:26. बुडायला 4 मिनिटं

लागलं म्हणजे सगळं लागलं असं नाही. वीसांपैकी किती लागली याचं वेगळं दान. सहा पडले, म्हणजे बारा क्षेपणास्त्रं. ती पाच-पाचच्या गठ्ठ्यांनी कुठं लागली हेही वेगळं.

पहिला गठ्ठा: आठ. डावी बाजू. चिलखत तुटलं नाही. भाच्यानं कागदावर पाच खोके खोडले आणि श्वास सोडला.

दुसरा गठ्ठा: नऊ. मागची बाजू. चिलखत इथंही टिकलं. पण नऊच्या आकड्याशेजारी कोष्टकात एक खूण आहे, आणि तिचा अर्थ असा की गाडी चालवणाऱ्या भागाला धक्का बसला का ते तपासा. रणगाड्याच्या पट्ट्यांना हा धक्का सहसा पचतो. होव्हरक्राफ्टची झालर नाजूक, म्हणून दानात 3 ची भर. मार बाजूनं आला म्हणून आणखी 2. बारा किंवा जास्त झाले की गाडी जागच्या जागी ठप्प.

म्हणजे फाशांवर फक्त सात.

दिवसभर ही गाडी तेरा, बारा, नऊ असल्या दानांवर जगली होती. सात हे दोन फाशांवर सगळ्यांत जास्त वेळा पडणारं दान आहे. ते किंवा त्याहून मोठं पडण्याची शक्यता छत्तीसात एकवीस.

4:30. खेळातली वेळ: 60 सेकंद

चार आणि तीन.

गाडी ठप्प. जमिनीवर असती तर उभी राहिली असती, चालक उतरून पळाला असता. पण नियम सांगतो, की पाण्यावर ठप्प झालेलं होव्हरक्राफ्ट बुडतं. गादीतली हवा गेली की 5 टन लोखंड लोणारच्या खाऱ्या पाण्यात. तिसऱ्या गठ्ठ्याचं दान कुणी टाकलंच नाही.

4:35 ते 5:15

वाद झाला. अपेक्षित होता.

भाच्याचं म्हणणं, खरी होव्हरक्राफ्ट इंजिन बंद पडलं तरी तरंगतात. त्यांच्या अंगात हवाबंद कप्पे असतात, तशीच त्यांची बांधणी असते. त्यात हे लोणारचं खारं पाणी, साध्या पाण्याहून जड, ते तर आणखी वर उचलेल. मुद्दा चुकीचा नव्हता. खेळ लिहिणाऱ्यांनी इथं वास्तवापेक्षा कडक नियम केला आहे. मला वाटतं जाणूनबुजून केला आहे. तो नसता तर ही स्वस्त, लागायला अवघड गाडी प्रत्येक तळ्यावर राज्य करत बसली असती, आणि जड रोबो घेऊन कुणी खेळलंच नसतं.

पण पंच म्हणून माझ्यापुढं पुस्तक होतं, कॉकरेलचे डबे नव्हते. नियम तोच राहिला.

मग त्यानं दुसरी बाजू धरली: चालकानं अ‍ॅटलास पाहिला तर आहे, पोहत काठाला लागला तर खबर पोचली. भाचीनं विचारलं, वर कसा चढेल? भाचा म्हणाला, धारेनं, पायी, आपण सगळे चढतो तसं. मी कामगिरीचा कागद वाचून दाखवला: गाडी परतली पाहिजे. कागद त्याच्याच हस्ताक्षरात होता.

मी हजेरीपत्रकात निकाल लिहिला: भाची विजयी, सहाव्या फेरीत, आर्चरची हालचाल शून्य घरं, सव्हाना मास्टरची हालचाल पहिल्या फेरीपासून अनुक्रमे 6, 20, 18, 18, 12, 17. भाच्यानं ती ओळ वाचली, बारावर बोट ठेवलं आणि काही बोलला नाही.

सव्वापाचला त्यानं मूर्ती कापसात गुंडाळून डबीत ठेवली आणि बहिणीला सांगितलं, दिवाळीत चार आणतो, चौघी एकदम सोडतो. बॅटलटेक खेळणारे या गाडीबाबत हेच करतात. एकटी कधी पाठवत नाहीत. भाचीनं विचारलं, चार आणल्या तर मला किती रोबो मिळतील. ते अजून ठरायचं आहे.